हौशी लेखकांच्या लिखाणावर कठोर टीका करावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा बसतो आणि एकमेकांच्या कथा, कविता, एकांकिका वाचतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लोक येतात. लिखाणाबद्दल जितके प्रश्न येतात, त्याहून जास्त येतात लिखाणावर काय बोलले गेले त्याबद्दल. कुणी दुखावलेला असतो, कुणी आपण दुखावले की काय या विवंचनेत असतो. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे माझी आहेत, बैठकीतले सगळे त्यांच्याशी सहमत आहेत असे नाही.

१. हौशी लेखक म्हणजे नेमके कोण? मी तर निवृत्त झाल्यावर लिहायला लागलो.

ज्याचे पोट लिखाणावर चालत नाही तो हौशी. तसे पाहिले तर गोव्यात मराठी लिहिणारे जवळजवळ सगळेच हौशी आहेत. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी खाणी बंद पडल्यावर बागायतीकडे वळलेला. पण हौशी आणि नवशिका एक नव्हेत. देवळाच्या उत्सवाला वाड्यावरची मंडळी नाटक बसवतात, त्यातला लिहिणारा कित्येक वर्षे संहिता लिहीत असतो. प्रवेश कुठे लांबतो, पडदा कधी टाकायचा, हे त्याला चांगले कळते. त्याच्याशी बोलायची रीत वेगळी आणि पहिली कविता खिशातून घाबरत काढणाऱ्या मुलीशी बोलायची वेगळी. समोरचा हौशी आहे का, यापेक्षा तो किती चालून आला आहे हे आधी बघावे.

२. स्पष्ट टीका आणि कठोर टीका यांत फरक काय? आम्हाला दोन्ही सारख्याच लागतात.

उदाहरणच घेऊ. समजावण्यापुरता हा उतारा मीच रचला आहे, पण असे उतारे आमच्याकडे नेहमी येतात (कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, पाट म्हणजे तिला पाणी पुरवणारा ओहळ):

«सकाळची रम्य वेळ होती. पक्षी किलबिलाट करत होते. कुळागर हिरवेगार दिसत होते. आजीचे मन मात्र अस्वस्थ होते. ती कुदळ घेऊन पाटाकडे गेली. पाणी आलेच नव्हते. वरच्या बाजूला कुणीतरी रात्रीच बांध घातला होता.»

एक जण म्हणतो, «छान, मनाला भिडले.» दुसरा म्हणतो, «हा शाळकरी निबंध झाला. अशाने कथा होत नसते.» तिसरी म्हणते, «पहिली तीन वाक्ये कुठल्याही कथेला चालतील, म्हणून ती या कथेची नाहीत. चौथेही काढा. पाटाला पाणी नाही हे दिसल्यावर आजी अस्वस्थ आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. कथा कुदळीपासून सुरू होते. बांध कुणी घातला हे आजीला ठाऊक आहे की नाही, ते मात्र मला कळले नाही. ते तुम्ही ठरवा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.»

तिघांत सर्वांत कडक कोण? तिसरी. सात वाक्यांतली चार तिने खोडली. तरी लेखक घरी जाऊन काम करू शकतो, कारण कुठे हात घालायचा ते त्याला कळले. दुसऱ्याच्या बोलण्यातही तथ्य आहे, सुरुवात शाळकरी आहेच. पण ऐकणाऱ्याला त्यातून फक्त आपली लायकी कळते, पुढचे पाऊल कळत नाही. मी कठोर म्हणतो ते या दुसऱ्या प्रकाराला, आणि खाली सगळीकडे हाच अर्थ धरला आहे.

३. पण कानउघाडणी झाल्याशिवाय माणूस सुधारत नाही, हे खरे ना?

अभिप्रायाचा कामावर काय परिणाम होतो यावर झालेले जुने-नवे अभ्यास क्लूगर आणि डिनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एकत्र करून तपासले. त्यांचा लेख १९९६ सालचा. सहाशेहून अधिक परिणाम त्यांनी मोजले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो असे दिसले, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम उलट बिघडले. त्यांनी दिलेले कारण मला फार पटते: अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेले, की त्याचा उपयोग कमी होत जातो. हे अभ्यास काही कवितेवरचे नव्हेत. पण «अशाने कथा होत नसते» हे ऐकून घरी गेलेला माणूस रात्री कथेचा विचार करत नाही, स्वतःचाच करत बसतो, हे आम्ही बैठकीत पाहतो.

दुसरा अभ्यास २०१२ सालचा, फिंकेलस्टाइन आणि फिशबाख यांचा. त्यात फ्रेंच शिकणारे विद्यार्थीही होते. नवख्यांना आपले काय जमते हे सांगणारा शिक्षक हवा होता. पुढच्या वर्गातल्यांचा कल आपले काय चुकते हे सांगणाऱ्याकडे अधिक होता. नवख्याला अजून हेच ठाऊक नसते की आपण या वाटेने जावे की नाही. जाणकाराचे ते ठरलेले असते, त्याला फक्त वेग वाढवायचा असतो.

«आमच्या गुरुजींनी फटकारले म्हणून आम्ही घडलो» असे सांगणारे बरेच भेटतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हे सांगायला जे उरले तेच आपल्याला भेटतात, ज्यांनी वही कायमची मिटली ते येऊन सांगत नाहीत. आणखी एक, गाण्याचा किंवा तबल्याचा गुरू रागावतो तो दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर बसून तोच तुकडा घोटून घेतो. त्याच्या रागामागे रोजची मेहनत असते. कविसंमेलनात एकदाच भेटलेल्या माणसाने तो राग उसना घेऊ नये.

४. मग सगळ्यांना «छान» म्हणून मोकळे व्हावे, हेच बरे नाही का?

नाही, आणि याबाबतीत मी ठाम आहे. खोट्या कौतुकाची किंमत लेखक मोजतो, कधी कधी रोख पैशांत. चार जणांनी मान डोलावली म्हणून माणूस पदरचे पैसे घालून संग्रह छापतो, हॉल घेतो, पाहुणे बोलावतो, आणि मग पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली राहतात. त्या चौघांपैकी एकाने जरी म्हटले असते की साठ कवितांपैकी पंचवीस एकसारख्या आहेत, तर बारीक का होईना, पण चांगला संग्रह झाला असता. ज्याला आपण खरे सांगत नाही त्याला आपण मनातून लेखक मानलेले नसते. ज्याने मनापासून लिहिले आहे त्याच्याशी असे वागणे मला अन्यायाचे वाटते.

५. वही दाखवली आणि पुस्तक छापले, यांत टीकेच्या दृष्टीने फरक आहे का?

मोठा फरक आहे, आणि तो आपल्या कायद्यानेही ओळखला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामीचे कलम ४९९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्या जागी आले. त्याच्या सहाव्या अपवादानुसार, लेखकाने जी कृती लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली, तिच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देणे ही बदनामी नव्हे. पुस्तक छापणारा ते पुस्तक लोकांच्या निवाड्यापुढे ठेवतो, असे तिथे उदाहरणच दिले आहे.

पुढची उदाहरणे लेखन करणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत अशी आहेत. कुणी म्हणाले की अमुक पुस्तक मूर्खपणाचे आहे, तेव्हा लेखक दुबळ्या बुद्धीचा असावा, तर सद्भावनेने बोललेले असल्यास ते चालते, कारण लेखकाबद्दलचे मत पुस्तकात दिसते तेवढ्यापुरतेच आहे. पण कुणी म्हणाले की हे पुस्तक मूर्खपणाचे असणारच, कारण हा माणूसच दुबळा आणि बदफैली, तर तो या अपवादात बसत नाही. पहिला माणूस पुस्तकाकडून लेखकाकडे गेला. दुसरा लेखकाबद्दलचा ग्रह घेऊन पुस्तकाकडे आला.

कायद्याने जे चालते ते सगळे बोलावेच असे नाही. माझ्या मते «लेखक दुबळ्या बुद्धीचा असावा» हेही बोलायची गरज नाही. पण वहीतली कविता एका माणसाला दाखवणे म्हणजे ती लोकांपुढे ठेवणे नव्हे. ती वाचून दुसऱ्या दिवशी पणजीच्या बसमध्ये तिची चर्चा केली, तर तो विश्वासघात झाला.

६. कुणी अभिप्राय मागितलेला नसताना चुका सांगाव्यात का?

छापलेल्या किंवा मंचावर सादर झालेल्या लिखाणाबद्दल सांगता येते (प्रश्न ५). एरवी आधी विचारावे: «नुसते ऐकू, की काय वाटले ते सांगू?» एवढ्या एका प्रश्नाने निम्मी भांडणे टळतात.

७. शुद्धलेखनाच्या चुका काढणे ही टीका आहे का? आमचे एक काका प्रत्येक कवितेत फक्त ऱ्हस्व-दीर्घच बघतात.

ते मुद्रितशोधन आहे. गरजेचे आहे, पण शेवटी करायचे. ज्या कडव्याचे खोडायचे की ठेवायचे तेच ठरलेले नाही, त्यातली वेलांटी दुरुस्त करून काय उपयोग? आणि नियमांचा आग्रह धरताना त्यांचे वयही लक्षात असू द्यावे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी चार जोडले गेले. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनी काढले. त्यापूर्वी शाळा शिकलेली आजी «नांव» आणि «कांहीं» लिहिते ती चूक करत नाही, तिला शिकवले तसे लिहिते. काकांना सांगा, त्यांचे काम छापायला देण्याच्या आदल्या दिवशी लागणार आहे.

८. परीक्षक म्हणाले, तुमच्या मराठीत कोकणी फार येते. ही टीका योग्य आहे का?

आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे आणि त्यामागचे दुःखही खरे आहे. घरात कोकणी, शाळेत आणि देवळात मराठी, असे वाढलेल्या माणसाला या शेऱ्याचा अर्थ «तू आमच्यातला नाहीस» असा ऐकू येतो. म्हणून परीक्षकाने इथे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा नेमके बोलायला हवे.

माटोळी, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), कुळागर, पोदेर (पाववाला) हे शब्द काढायला सांगणे मला मुळीच मान्य नाही. चतुर्थीला गणपतीवर फळे-फुले बांधलेली ती चौकट माटोळीच असते, दुसरे काही लिहिले तर तिथे गोवा उरत नाही. पात्रे कोकणीत बोलली तर तेही योग्य, फोंड्याच्या बाजारातली बाई पुण्याच्या मराठीत भाव करत नाही. पण निवेदनात लिंग बदलले, प्रत्यय कोकणी वळणाचा लागला आणि त्यामुळे वाक्य कुणाबद्दल आहे तेच कळेनासे झाले, तर ते दाखवणे हे परीक्षकाचे काम आहे. मात्र ते त्या वाक्यावर बोट ठेवून दाखवावे. «कोकणी फार येते» या शेऱ्यातून लेखकाला कळतच नाही की शब्द काढायचे, संवाद बदलायचे, की तीन वाक्यांचे व्याकरण नीट करायचे. घाबरून तो सगळेच काढतो, आणि उरते ते कुठल्याच गावाचे नसलेले मराठी.

गोव्यातल्याच रायतूरला १६१६ साली इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हे काव्य छापले गेले, तेही कोकणीचा स्पर्श असलेल्या मराठीतच आहे. आपल्या भूमीतल्या मराठीला ही जुनी सोबत आहे, हे परीक्षकांनीही आठवावे.

९. स्पर्धेत परीक्षकाने किती कडक असावे?

गुण देताना पूर्ण कडक असावे. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत किंवा कुठल्याही स्पर्धेत उतरलेल्याने निवाडा मागितलेला असतो, तो त्याला मिळायला हवा. गुणांत दया दाखवली तर ती दुसऱ्या संघाच्या खिशातून दाखवलेली असते. बोलताना मात्र कारण द्यावे. नाटक पडले ते संहितेमुळे, दिग्दर्शनामुळे की प्रकाशयोजनेमुळे हे वेगळे सांगावे, नाहीतर सगळे खापर लेखकावर फुटते, कारण त्याचे नाव पत्रिकेत सर्वांत वर असते.

उत्सवी नाटकाला ही फूटपट्टी लावू नये. तिथे प्रेक्षक वाड्यावरचे, नट वाड्यावरचे, अर्धे विनोद वाड्यावरच्याच माणसांचे. बाहेरच्याला ते कळले नाहीत म्हणून ते फसले असे होत नाही.

१०. मोठ्या लेखकांवरही जहरी टीका झाली, तरी ते टिकलेच ना?

हा दाखला देणारे बहुधा इंग्रज कवी कीट्सचे नाव घेतात. १८१८ साली त्याच्या दीर्घकवितेवर दोन नियतकालिकांनी तुटून पडून टीका केली. एकाने तर त्याला औषधांच्या दुकानात परत जा असे सुनावले, कारण त्याचे शिक्षण त्या व्यवसायाचे होते. १८२१ साली तो रोममध्ये पंचविसाव्या वर्षी वारला आणि टीकेने कवीचा बळी घेतला अशी दंतकथा पसरली. तो गेला क्षयाने. त्याच्या सर्वोत्तम कविता या टीकेनंतरच्या वर्षातल्या, म्हणून टीकेने तो घडला असेही म्हटले जाते. पण त्याच सुमारास त्याने पत्रात लिहिले होते की बाहेरच्या टीकेपेक्षा स्वतःच केलेल्या परीक्षणाने आपल्याला कितीतरी जास्त वेदना दिली. सुधारणा तिथून आली. औषधांच्या दुकानाच्या टोमण्याची तिला गरज पडली नव्हती.

आपल्याकडे १९२० च्या दशकात अत्र्यांनी रविकिरण मंडळाच्या कवितेची विडंबने केली आणि महाराष्ट्र हसला. पण ते कवी लोकप्रिय होते, त्यांच्या कविता लोकांच्या ओठांवर होत्या. मूळ कविता माहीत असलेला वाचकच विडंबनाचा न्यायनिवाडा करू शकत होता. डिचोलीच्या एखाद्या शिक्षिकेच्या पहिल्या कवितेची खिल्ली उडवली, तर ऐकणाऱ्यांना फक्त खिल्लीच ठाऊक असते. मूळ कविता बाजू मांडायला तिथे नसते.

११. कठोर बोलणारा माणूस जास्त जाणकार वाटतो. तसे असते का?

वाटतो खरा. टेरेसा अमाबिले यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पुस्तक-परीक्षणे वाचायला दिली. प्रतिकूल परीक्षणे लिहिणारा वाचकांना अधिक बुद्धिमान आणि अधिक जाणकार वाटला, तसाच कमी प्रेमळही वाटला. म्हणून बैठकीत कुणी झोडपायला लागला की मी त्याच्या सुरापेक्षा त्याने किती ओळी उद्धृत केल्या तिकडे लक्ष देतो. लिखाण हातात न घेता झोडपणाऱ्याला मी तेवढे महत्त्व देत नाही.

१२. शाळकरी मुलांचे काय?

दहा-बारा वर्षांच्या मुलाला सर्वांत चांगली एक ओळ दाखवावी आणि ती का चांगली हे सांगावे. उरलेली कविता तो स्वतःच त्या ओळीशी ताडून बघतो. बाकी मुद्दे प्रश्न ३ मध्ये आले आहेत.

१३. एकाने वडील वारल्यावर लिहिलेली कविता वाचली. कविता कच्ची होती. काय बोलायचे?

त्या संध्याकाळी कवितेबद्दल काही बोलू नका, वडिलांबद्दल विचारा. तो माणूस लेखक म्हणून आलेला नसतो. पुढे कधी तीच कविता घेऊन «ही छापायला पाठवू का?» असे विचारत आला, तर परिस्थिती बदलली. तेव्हा शोक खरा आहे म्हणून कविता चांगली ठरत नाही, हे हळुवारपणे पण सांगायला हवे. बहुतेक वेळा अशा कवितेत «बाबा, तुम्ही गेलात, पोरके झालो» च्या गर्दीत एखादी ओळ लपलेली असते, दाराशी तशाच राहिलेल्या चपलांची, खुंटीवरच्या टोपीची. ती शोधून त्याच्या हातात द्या. एवढे केलेत तरी तुम्ही चांगले टीकाकार आहात.

१४. लिखाण चोरलेले आहे असा संशय आला तर? तेव्हाही सौम्य राहायचे?

आधी खात्री करा, मग लेखकाला एकट्याला विचारा. पुष्कळदा पाठ असलेली ओळ आपलीच वाटून लिहिली जाते. जाणूनबुजून केलेले असेल, तर मग प्रश्न टीकेचा उरत नाही. आयोजकांना पुराव्यासकट स्पष्ट सांगावे.

१५. माझ्यावर कठोर टीका झाली. आता मी काय करू?

लगेच उत्तर देऊ नका. दोन-तीन दिवसांनी आठवून लिहा, काय म्हटले गेले. विशेषणे खोडा आणि काय उरते ते बघा. वाचणारा जिथे अडखळला ती जागा बहुधा खरीच कच्ची असते, पण त्याने सुचवलेला उपाय बरोबर असेलच असे नाही. आजीच्या कथेत (प्रश्न २) कुणी म्हणेल, बांधाचा प्रसंग काढून टाका. खरे तर तो आधी यायला हवा असतो. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच ठिकाणी बोट ठेवले, तर तिथे काम करा. विशेषणे खोडल्यावर काहीच उरले नाही, तर ती टीका तुमच्या उपयोगाची नव्हती. पुढच्या वेळी वाचायला देताना प्रश्नही तुम्हीच द्या: «शेवट पटतो का?», «मुलगी खरी वाटते का?» नेमके विचारले की नेमके मिळते.

१६. मी नेमके, मुद्द्याला धरून सांगितले. तरी लेखक म्हणतो, «तुम्हाला कविता कळत नाही.» मग?

मग थांबा. एकदा कारणासह सांगितले की आपले काम झाले. पुन्हा पुन्हा सांगणे म्हणजे त्याला कविता पटवणे नसते, हार पत्करायला लावणे असते. ओळी त्याच्या आहेत, त्या तशाच ठेवायचा अधिकारही त्याचा आहे. एक मात्र करावे: बैठकीत त्याची पुढची कविता आली, तर मागचे मनात न ठेवता ती पहिल्या ओळीपासून वाचावी.